श्वासाच्या यंत्राने रक्तातली साखर कळते काय?

मधुमेह हा बड्या लोकांचा, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, ही समजूत आता मोडीत काढली पाहिजे. भिवंडी-मालेगावच्या मागावर दिवसभर उभा राहणारा कामगार, धारावीत चामडे कापणारा कारागीर, जरीकाम करणारा, शिंपी, खाटीक, बेकरीवाला, फळविक्रेता, गल्ल्यावर बसणारा दुकानदार, यांच्याही घरात आज साखरेच्या गोळ्या दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

ज्याला मधुमेह जडला त्याला साखर मोजत राहणे आले. त्यासाठी बोट टोचायचे, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि ग्लुकोमीटरवरचा आकडा पाहायचा. ज्याची रोजी बोटांवर चालते त्याला ही टोच जास्तच नकोशी वाटते. सुई धरायची ती बोटाच्या टोकाने, कापडाचा पोत पाहायचा तोही त्याच टोकाने. खर्चाचेही तसेच. एक पट्टी साधारण १५ ते २५ रुपयांना पडते. २० रुपये धरले आणि दिवसातून दोनदा तपासले, तर महिन्याचे १,२०० रुपये झाले. त्यामुळे बरेच जण तपासणीच सोडून देतात आणि ‘पाय जड वाटतात, म्हणजे साखर वाढली असेल’ अशा अंदाजावर दिवस काढतात.

अशा वेळी ‘फुंकर मारा आणि साखर पाहा’ असे सांगणाऱ्या यंत्राची बातमी आली की कान टवकारतात. रोगी विचारतो, हे यंत्र घ्यावे काय? व्यापारी विचारतो, याची एजन्सी घ्यावी काय? प्रश्न दोन असले तरी उत्तर एकाच ठिकाणी आहे. म्हणून श्वासाच्या तपासणीमागचे विज्ञान काय, ते कोठवर आले आहे आणि बाजारात त्याच्या नावावर काय खपू शकते, हे आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

दारू श्वासात सापडते, साखर का नाही?

पोलीस रस्त्यावर नळीत फुंकायला लावतात आणि दारू प्यायलेला माणूस सापडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाईन यांनी १९५४ साली असे सुटसुटीत यंत्र तयार केले आणि पुढे ते जगभर गेले. मग दारूसारखी साखर का पकडता येऊ नये, असा साधा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

उत्तरही साधे आहे. दारू उडून जाणारा पदार्थ आहे. अत्तराची बाटली उघडी ठेवली तर दरवळ सुटतो, तशी रक्तातली दारू फुप्फुसात हवेत मिसळते आणि तीही ठरलेल्या प्रमाणात. सुमारे २,१०० मिलिलिटर श्वासात जितकी दारू, तितकी १ मिलिलिटर रक्तात, असा हिशेब धरला जातो. म्हणून श्वास मोजला की रक्ताचा आकडा काढता येतो. साखरेचे तसे नाही. साखरेची वाटी महिनाभर उघडी ठेवली तरी ती उडून जात नाही. रक्तातली साखरही हवेत मिसळत नाही.

तेव्हा श्वासाचे कोणतेही यंत्र थेट साखर मोजत नाही, हे वाचकांनी पक्के लक्षात ठेवावे. ते मोजते दुसराच पदार्थ आणि त्यावरून साखरेचा अंदाज बांधू पाहते. हा दुसरा पदार्थ बहुतेक वेळा ॲसिटोन असतो. नखांचा रंग पुसण्याच्या द्रवाला जो उग्र गोडसर वास येतो, तोच हा पदार्थ.

वैद्यांच्या नाकाने लावलेला शोध

शरीराला न टोचता मधुमेह ओळखण्याची धडपड नवी नाही. आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी लघवीला मुंग्या लागतात हे पाहून रोगाला नाव दिले. अकराव्या शतकात इब्न सीना यांनी आपल्या वैद्यकग्रंथात या आजाराचे वर्णन केले आणि त्यातून अवयव सडतो हेही नोंदवले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश लष्करी वैद्य जॉन रोलो यांनी मधुमेही रोग्याच्या श्वासाला सडक्या सफरचंदासारखा वास येतो असे लिहिले. १८५७ साली प्रागमध्ये विल्हेल्म पेटर्स यांना बेशुद्ध मधुमेही रोग्याच्या लघवीत ॲसिटोन सापडले. १८७४ साली जर्मन डॉक्टर ॲडॉल्फ कुसमाउल यांनी अशा रोग्याच्या खोल, धापेसारख्या श्वासाचे वर्णन केले. वैद्यकशास्त्रात तो श्वास आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पुढची मोठी पायरी १९७१ ची. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या श्वासात सुमारे अडीचशे निरनिराळे पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतात असे दाखवले. आज ही यादी हजाराच्या वर गेली आहे. म्हणजे आपण सोडतो तो श्वास ही नुसती हवा नसते, शरीराच्या आतल्या कारभाराची ती एक वही असते. मात्र ही वही वाचायला कठीण आहे.

दारात माल, पण कुलूप उघडत नाही

ॲसिटोन शरीरात येते कोठून, हे व्यापाऱ्याला चटकन समजेल अशा भाषेत सांगतो. कारखान्याच्या दारात कोळशाच्या गोण्या पडल्या आहेत, पण गोदामाची किल्ली हरवली आहे. भट्टी तर पेटती ठेवायची आहे. मग मालक काय करील? आत पडलेले लाकूडसामान जाळून काम चालवील. मधुमेहात असेच होते. रक्तात साखर भरपूर असते, पण ती पेशींत नेणारी इन्शुलिनची किल्ली नसते किंवा नीट चालत नाही. इन्शुलिन फारच कमी पडले की शरीर साठवलेली चरबी जाळू लागते. चरबी जळताना यकृतात किटोन नावाचे पदार्थ तयार होतात. त्यांतल्या एकाचे आपोआप विघटन होऊन ॲसिटोन बनते आणि ते उडून जाणारे असल्याने श्वासातून बाहेर पडते.

निरोगी माणसाच्या श्वासात ॲसिटोन दहा लाख भागांत साधारण अर्धा ते एक भाग इतकेच असते. मधुमेह्यांच्या श्वासात ते सरासरीने अधिक आढळते आणि दहा लाखांत १.८ भाग ही रेघ अनेक संशोधकांनी वापरली आहे. रोग हाताबाहेर जाऊन रक्त आंबू लागते, ज्याला डॉक्टर किटोॲसिडोसिस म्हणतात, तेव्हा हा आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. तेव्हा मात्र यंत्राची गरज राहत नाही, खोलीत शिरणाऱ्याच्या नाकालाही वास येतो.

आता येथेच खरी गोम आहे. ॲसिटोन सांगते ते एवढेच की शरीर चरबी जाळत आहे. रक्तात साखर किती आहे हे ते सांगत नाही. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या पुष्कळ रोग्यांच्या अंगात थोडेफार इन्शुलिन शिल्लक असते. तेवढे थोडे इन्शुलिनसुद्धा चरबीचे जळणे आवरून धरते. अशा माणसाची साखर २५० असूनही श्वासातले ॲसिटोन निरोगी माणसाइतकेच भरू शकते. यंत्र ‘सर्व ठीक’ म्हणेल आणि आत डोळे, मूत्रपिंड व पायांच्या नसा झिजत राहतील.

यंत्र चालते कसे?

प्रयोगशाळेत श्वासाचे पृथक्करण करणारी मोठी आणि महाग यंत्रे आहेत. ती अचूक असतात, पण दुकानात किंवा घरात ठेवण्याजोगी नसतात. म्हणून संशोधकांचा भर लहान सेन्सरवर आहे. धातूच्या ऑक्साईडचा पातळ थर शेकडो अंशांपर्यंत तापवतात. त्यावर ॲसिटोनचे कण आले की त्या थरातून वीज वाहण्याचे प्रमाण बदलते. तो बदल मोजून ॲसिटोनचा आकडा काढतात. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये टंगस्टन ऑक्साईडमध्ये थोडे सिलिकॉन मिसळून असा सेन्सर बनवला. शंभर कोटी भागांत २० भाग इतके सूक्ष्म ॲसिटोनही तो ओळखू शकत होता. अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठात २०२५ मध्ये ग्राफीन आणि झिंक ऑक्साईडचा नवा सेन्सर पुढे आला. श्वासातली वाफ अडवण्यासाठी त्यावर खास थर दिला आहे. पिशवीत फुंकर मारायची आणि सेन्सर त्या पिशवीत धरायचा, अशी त्याची रीत आहे.

हे काम कौतुकाचे आहे यात शंका नाही. परंतु अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. श्वास दमट असतो आणि ओलावा सेन्सरला गोंधळात टाकतो. फुंकरीचा पहिला भाग तोंड व श्वासनळीतला असतो, फुप्फुसाच्या तळाची हवा शेवटी येते. त्यामुळे अर्धवट फुंकर मारली की आकडा बदलतो. आणि श्वासात हजारभर इतर पदार्थ असताना त्यातून एकच वेचून काढायचा असतो.

परीक्षेत काय दिसले?

कोणत्याही मालाची पारख वापरात होते. २०१४ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहानपणी होणारा, इन्शुलिनवर चालणारा मधुमेह असलेली ११३ मुले व तरुण त्यात होते. वये साधारण ८ ते १८ वर्षे. एकाच वेळी त्यांचा श्वास पिशवीत घेतला आणि बोटाच्या रक्तातून साखर व किटोन मोजले. श्वासातले ॲसिटोन आणि रक्तातले किटोन यांचा संबंध स्पष्ट दिसला. साखरेशी संबंध मात्र अगदीच दुबळा निघाला. एका फुंकरीवरून या मुलांची रक्तातली साखर नीट ठरवता येत नाही, असा निर्वाळा त्या संशोधकांनी स्वतःच दिला.

दुसरा प्रयोग केंब्रिजचा, २०१६ चा. काही कुत्री आपल्या मधुमेही मालकाची साखर घसरली की त्याला सावध करतात, असा अनुभव होता. त्यांना कसला वास येत असावा, हे शोधण्यासाठी इन्शुलिनवर असलेल्या आठ स्त्रियांची साखर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवून श्वास तपासला. साखर घसरली तेव्हा आयसोप्रीन नावाच्या पदार्थाचे प्रमाण लक्षणीय वाढले, काहींत जवळजवळ दुप्पट झाले. साखर अचानक उतरणे हाच इन्शुलिन घेणाऱ्याला सर्वांत मोठा धोका असल्याने ही वाट महत्त्वाची आहे. पण आठ जणींवरचा प्रयोग ही सुरुवात झाली, विक्रीचा माल नव्हे.

श्वासाने काही रोग तपासताच येत नाहीत, असेही कोणी समजू नये. दम्याच्या रोग्यांच्या श्वासातील नायट्रिक ऑक्साईड मोजणाऱ्या यंत्राला अमेरिकेने २००३ मध्येच परवानगी दिली. पोटातील अल्सरच्या जंतूसाठी श्वासाची चाचणी डॉक्टर नेहमी वापरतात. या चाचण्या टिकल्या, कारण मोजायचा पदार्थ आणि रोग यांचा संबंध सरळ आहे. साखरेच्या बाबतीत तो आडवळणाचा आहे.

रोजा, थिनर आणि विडी

आमच्या वाचकांसाठी यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. श्वासातले ॲसिटोन वाढवणाऱ्या गोष्टी मधुमेहाखेरीज बऱ्याच आहेत आणि त्यांतील काही आपल्या रोजच्या जीवनातल्या आहेत.

पहिली गोष्ट उपवास. पोटात अन्न नसले की निरोगी शरीरही चरबी जाळते. सहरीपासून इफ्तारपर्यंत रोजा धरणाऱ्या धडधाकट माणसाच्या श्वासात संध्याकाळी ॲसिटोन वाढलेले दिसू शकते, तेव्हा त्याची साखर कदाचित ९० असेल. भात-पोळी सोडून नुसते मांस, तूप, अंडी खाणारा ‘किटो’ आहार घेणारा, किंवा खूप मेहनतीचे काम करणारा, यांचेही तसेच होते. श्वासाचे यंत्र या सर्वांना एकाच रांगेत उभे करील.

दुसरी गोष्ट कामाच्या जागेची हवा. फर्निचरला पॉलिश मारणारे, स्प्रे पेंटिंग करणारे, फायबरग्लासचे काम करणारे यांच्या जागी थिनर आणि ॲसिटोनच हवेत असते. दिवसभर ते नाकावाटे आत जाते आणि श्वासातून परत येते. हात निर्जंतुक करायच्या काही द्रवांतील आयसोप्रोपिल अल्कोहोलही अंगात गेले की त्याचे ॲसिटोन बनते. विडी-सिगारेटच्या धुरातले पदार्थ श्वासात मिसळतात ते वेगळेच. म्हणजे ज्या कारागिराला टोचण्यापासून सुटका सर्वांत जास्त हवी, त्याच्याच बाबतीत यंत्र चुकण्याची शक्यता अधिक.

रोजाच्या काळात हा विषय जिवावर बेतू शकतो. भारतासह १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेह्यांची पाहणी २००१ मध्ये झाली. त्यात प्रौढ वयात मधुमेह झालेल्यांपैकी ७९ टक्के, तर लहानपणापासूनचा मधुमेह असलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान १५ रोजे धरले होते. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रकार पहिल्या गटात साडेसात पट आणि दुसऱ्या गटात ४.७ पट वाढले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयक मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की, साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून औषधाच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. आता विचार करा. ७० की १७० हे ज्याला ठरवता येत नाही, त्या यंत्राच्या भरवशावर रोजा चालू ठेवणे किंवा सोडणे, दोन्ही चुकीचे ठरेल.

मग श्वास-तपासणी निकामी आहे काय?

नाही. तराजू खरा असू शकतो, फक्त तो दुसऱ्या मालाचा आहे. साखरेसाठी नव्हे तर किटोनसाठी श्वासाची तपासणी उपयोगी पडू शकते आणि ती गरज लहान नाही.

इन्शुलिनवर असलेले मूल तापाने आजारी पडले, उलट्या होऊ लागल्या, की किटोन वाढतात काय हे पाहणे आवश्यक असते. मुलांना फुंकर मारणे टोचण्यापेक्षा कितीतरी सोपे. शिवाय मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नावांचा एक नवा वर्ग आला आहे. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपल्यावर त्यांची स्वस्त औषधे बाजारात आली आणि आता ती सामान्यांच्या हातीही आहेत. औषधे चांगली आहेत, पण ती घेणाऱ्यांपैकी थोड्यांना साखर फारशी न वाढताही किटोॲसिडोसिस होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबाबत २०१५ मध्ये इशारा दिला होता. अशा रोग्याचा ग्लुकोमीटर शांत राहतो आणि किटोन मात्र चढत असतात. येथे श्वासाचे विश्वासार्ह यंत्र खरोखर कामाला येईल. तोपर्यंत किटोनची लघवीतली पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, रक्तातले किटोन मोजणारे मीटरही आहेत. या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारणे हे सर्वांत महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट घराघरात माहीत असावी. मधुमेही माणसाच्या तोंडाला फळासारखा गोडसर उग्र वास येतो, तो खोल आणि भराभर श्वास घेतो, पोट दुखते, उलट्या होतात, गुंगी येते, तर त्याला ताबडतोब इस्पितळात न्यावे. अशा माणसाला पाहून लोक ‘दारू प्यायला’ म्हणून मोकळे होतात. ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याच्यावर असा आळ यावा आणि त्या गैरसमजात उपचाराचे तास निघून जावेत, यासारखे दुर्दैव नाही. मधुमेह्याने आपल्या आजाराची आणि औषधांची चिठ्ठी खिशात ठेवावी, हा उपाय बिनखर्ची आहे.

एजन्सी घेण्यापूर्वी

आता व्यापारी बांधवांकडे वळू. श्वासातून रक्तशर्करेचा आकडा देऊन बोट टोचण्याची जागा घेईल असे यंत्र अजून संशोधनातून बाजाराच्या मान्यतेपर्यंत पोहोचलेले नाही. न टोचता साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या यांबाबत तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की, अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण परवानगी दिलेली नाही, लोकांनी ती वापरू नयेत. त्वचेखाली बारीक तार ठेवून दहा-चौदा दिवस साखर मोजणारे सेन्सर निराळे आहेत. ते मान्यताप्राप्त आहेत, पण त्यांत टोच आहेच आणि किंमतही आहे.

आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. आयात करणाऱ्याला परवाना लागतो. विकणाऱ्या दुकानदारालाही राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे नोंदणी करून एमडी-४२ हे प्रमाणपत्र घेण्याची तरतूद आहे, महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे उत्तर तेथे चालत नाही. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला तर १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. म्हणून यंत्रासोबत एखादी ‘साखर मुळापासून घालवणारी’ पुडी जोडून कोणी देत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

अनामत रक्कम देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१) यंत्र नेमके काय मोजते? साखर की ॲसिटोन? खोक्यावर ‘फिटनेससाठी’ लिहिलेले आणि तोंडी मधुमेहासाठी सांगितलेले असेल, तर खोक्यावरचे खरे धरावे.

२) केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या परवान्याचा क्रमांक कोणता, आणि परवान्यात यंत्राचा उपयोग काय लिहिला आहे? परवाना किटोन मोजण्याचा असेल तर तो साखरेसाठी दाखवता येत नाही.

३) ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७:२०१३ हे मानक आहे. साखर १०० च्या खाली असताना १५ अंकांच्या आत आणि १०० वा अधिक असताना १५ टक्क्यांच्या आत, अशी १०० पैकी किमान ९५ मोजणी बसली पाहिजेत. साखर सांगतो म्हणणारे यंत्र या कसोटीला उतरले आहे काय?

४) चाचणी किती लोकांवर झाली? त्यात उपाशी असलेले, विडी ओढणारे, थिनरमध्ये काम करणारे होते काय? निष्कर्ष कोठे छापले गेले?

५) सेन्सर किती महिने टिकतो? तो पुन्हा जुळवून कोण देणार आणि नव्याची किंमत काय? यंत्र स्वस्त आणि सेन्सर महाग, हा जुना डाव आहे.

६) माल न खपल्यास परत घेणार काय? अनामत किती दिवसांत मिळेल?

एवढ्या प्रश्नांना सरळ उत्तर देणारा विक्रेता भेटला तर त्याच्याशी जरूर बोलावे. जो ‘तुम्ही फक्त पैसे गुंतवा, बाकी कंपनी पाहील’ म्हणतो, त्याला नमस्कार करावा. कपड्याच्या व्यापारात मापात पाप झाले तर गिऱ्हाइकाचा वीतभर कपडा जातो. येथे मापात पाप झाले तर त्याचा पाय जाऊ शकतो, डोळा जाऊ शकतो. आणि ते यंत्र ज्या दुकानातून नेले त्या दुकानाचे नाव लोक विसरत नाहीत.

या धंद्यात प्रामाणिक कमाईला जागा नाही असे नाही. मान्यताप्राप्त ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या, किटोनच्या पट्ट्या यांना वस्तीवस्तीत मागणी आहे. फक्त पट्ट्या ऊन व दमट हवेने खराब होतात, हे ध्यानात ठेवावे. डबी घट्ट बंद, थंड कोरड्या जागी, मुदत तपासून विकावी. पत्र्याच्या दुकानात एप्रिल-मे महिन्यात ठेवलेली पट्टी चुकीचा आकडा देऊ शकते.

टोच सोसण्याजोगी करावी

पहिला ग्लुकोमीटर १९७० च्या सुमारास अमेरिकेत निघाला तेव्हा त्याचे वजन किलोहून अधिक होते आणि तो डॉक्टरांच्या खोलीतच असे. आज तो खिशात मावतो. श्वासाचे यंत्रही कधीतरी त्या वाटेने जाईल, एकाऐवजी अनेक पदार्थ एकत्र मोजून साखरेच्या जवळ पोहोचेल, अशी संशोधकांना आशा आहे आणि आम्हालाही आहे.

तोपर्यंत कारागीर बांधवांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. बोटाच्या पेराच्या मध्यभागी न टोचता कडेला टोचावे, तेथे दुखणे कमी. काम अंगठा आणि तर्जनीवर चालते, म्हणून टोचायला मधले, अनामिका किंवा करंगळी घ्यावी आणि रोज बोट बदलावे. आधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. फळविक्रेत्याने आणि मिठाईवाल्याने तर हे विसरूच नये, कारण बोटाला लागलेला रस किंवा पाक आकडा खोटाच वाढवतो. रोज किती वेळा तपासावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. फक्त गोळ्यांवर असलेल्या आणि साखर ताब्यात असलेल्या पुष्कळांना दिवसातून दोनदा टोचण्याची गरज नसते, आठवड्यातून काही ठरावीक वेळा पुरतात. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी वर्षातून किमान दोनदा करावी. अशा रीतीने महिन्याच्या १,२०० रुपयांचा खर्च बऱ्याच घरांत निम्म्याहून खाली येऊ शकेल आणि त्यासाठी कोणतेही नवे यंत्र विकत घ्यावे लागणार नाही.